हिरवा वगळून

दिवा पाहून हिरेमठ वकिलांची निराशा झाली. शाळेच्या शताब्दीसाठी संस्थेनं पुण्याहून खास मागवलेलं यंत्र म्हणजे निदान भिंतभर काहीतरी असेल अशी त्यांची समजूत होती. अंबिकानं खोक्यातून काढलं ते जेमतेम पोळपाटाएवढं, काळं, आणि पुढच्या बाजूनं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं बारीक भोकाभोकांचं.

"एवढंच?"

"एवढंच, काका. छपरावरच्या एका सौर कौलावर चालेल. शाळेच्या वीजकोट्याला हातसुद्धा लागणार नाही."

कोट्याचं नाव निघताच वकिलांचा चेहरा जरा उजळला. सोलापूरचा उन्हाळा आता संक्रांत झाली की सुरू व्हायचा. भर दुपारी शाळा बंद ठेवाव्या लागत. सार्वजनिक इमारतींना वीज मोजून मिळे आणि ती पंख्यांत आणि पाण्याच्या पंपातच संपे. जुन्या चित्रासाठी थंड खोली आणि मंद दिवे ठेवायचे म्हणजे दोन वर्गांचे पंखे बंद करायचे. म्हणून रुक्मिणीआक्कांचं चित्र वर्षभर जाड पडद्यामागे असायचं आणि पुण्यतिथीला तेवढा पडदा सरकवला जायचा.

रुक्मिणीआक्का म्हणजे शाळेच्या संस्थापिका. लहानपणीच विधवा झालेल्या. विणकरांच्या वस्तीतल्या मुलींना कांड्या भरण्याच्या कामावरून उठवून त्यांनी वर्गात बसवलं, त्याला आता शंभर वर्षं होत होती. शाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत एका फिरत्या चित्रकारानं त्यांचं हे तैलचित्र काढलं. खुर्चीत ताठ बसलेल्या आक्का, मांडीवर पाटी, डोक्यावरून पदर, अंगावर पांढरी साडी. गावाला आक्का माहीत होत्या त्या अशाच. त्यांच्या पुण्यतिथीला मुली पांढऱ्या साड्या नेसून गावातून फेरी काढत. चित्र मात्र पूर्वी कितीतरी वर्षं पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलेलं होतं, आणि सोलापूरच्या उन्हानं त्याचं वाटोळं केलं होतं. आक्कांचा चेहरा पिठूळ झाला होता, पाटी राखाडी, खुर्ची मातकट.

अंबिका याच शाळेत शिकली होती. तिची आई लवकर गेली. वडील यंत्रमागावर दोन-दोन पाळ्या करायचे. तेव्हा मुख्याध्यापिका पद्मावती दासरींनी तिला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, दहावी करवली, पुढे पुण्याला पाठवलं. दासरीबाईंनी लग्न केलं नव्हतं. आक्कांचं काम पुढे न्यायचं ठरवलं त्या दिवसापासून त्या पांढरंच नेसायच्या. आता ऐंशीला आल्या होत्या, संस्थेच्या अध्यक्ष होत्या, आणि अजूनही कडक इस्त्रीचं पांढरं नेसून रोज शाळेत येत.

अंबिकाचा नवरा अपघातात गेला तेव्हा बाई पुण्याला येऊन महिनाभर तिच्याजवळ राहिल्या. तिला अंथरुणातून उठवलं, जेवायला घातलं, ती जुनी चित्रं जपायचं काम करायची त्या प्रयोगशाळेत परत धाडलं. निघताना म्हणाल्या होत्या, "आक्कांकडे बघ. कामात जीव घाल. बाकी सगळं मागं पडतं." अंबिकानं जीव घातला. पण त्याच कामात तिला हेरंब भेटला. चार वर्षांपूर्वी तिनं पुन्हा लग्न केलं. बाई लग्नाला आल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी तिचा फोनही घेतला नाही.

शाळेचं काम प्रयोगशाळेकडे आलं तेव्हा ते अंबिकानं आपणहून मागून घेतलं होतं.

बाई सभागृहात आल्या. काठी टेकत, पण पाठ सरळ.

"आलीस?"

"हो बाई."

"तुझं जेवणाचं सांगितलंय. इथंच, शाळेत." घरी ये, असं त्या म्हणाल्या नाहीत. दिव्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हा चित्राला जपतो म्हणे. कसा जपतो? नीट सांग. मी शास्त्र शिकवलंय."

"तुम्हीच शिकवलेलं आहे, बाई. जास्वंद लाल का दिसते?"

"लाल प्रकाश परत पाठवते म्हणून. बाकीचा गिळते."

"आणि चित्राचं नुकसान करतो तो हा गिळलेला प्रकाश. परत आलेला आपल्या डोळ्यांत शिरतो, तो रंगाला काहीच करत नाही. साधा दिवा सगळे रंग सगळीकडे ओततो. लाल कुंकवावर हिरवा, निळा, पिवळा सगळं पडतं, आणि कुंकू ते गिळत गिळत झिजतं. हा दिवा आधी चित्राचा कण न् कण तपासतो. कुठला कण कुठला प्रकाश परत करतो ते लक्षात ठेवतो. मग ज्याला जो लागतो तेवढाच त्याच्यावर टाकतो. लालावर लाल, निळ्यावर निळा. गिळायला काही उरतच नाही. समोर कुणी उभं नसेल तर विझून बसतो. म्हणून वीजही नावाला लागते."

बाईंनी मान हलवली. वर्गात बरोबर उत्तर मिळाल्यावर हलवायच्या तशीच. अंबिकाला बरं वाटलं.

"आणि उडालेला रंग?"

"पूर्ण कधी उडत नाही. थोडी खूण राहते. ती सापडली तर मूळ रंग काय होता त्याचं गणित मांडता येतं. मग जे रंगात कमी आहे ते प्रकाशानं भरून काढायचं. चित्राला बोटसुद्धा लावायचं नाही. दिवा बंद केला की चित्र आहे तसंच."

"बघू या," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात किंचित उत्सुकता होती. ती लपवायला त्या लगेच खिडकीकडे वळल्या.

चित्राची तपासणी दोन दिवस चालली. बंद सभागृहात दिव्याचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका कॅनव्हासवरून फिरत होता आणि अंबिकाच्या पडद्यावर नकाशा भरत होता. चेहऱ्याचा गव्हाळ रंग सापडला. पाटीचा काळा सापडला. साडीवर तिनं फारसं लक्षच दिलं नव्हतं. पांढऱ्यात काय शोधायचं?

पण साडीच्या प्रत्येक आलेखात एकाच जागी छोटीशी खाच होती. पांढरा रंग सगळा प्रकाश सारखा परत करतो. ही साडी हिरवा प्रकाश थोडासा, अगदी थोडासा, गिळत होती. पदरावर, निऱ्यांवर, खांद्यावर, सगळीकडे.

अंबिकानं यंत्र नव्यानं जुळवलं. भिंतीवर कोरा कागद लावून तपासून पाहिलं. कागदाच्या आलेखात खाच नव्हती. पुन्हा साडी तपासली. खाच होतीच.

तिनं हेरंबला फोन लावला. रंग ओळखायचं गणित त्यानंच बसवलेलं होतं.

"इओसिन आहे," तो आलेख पाहून म्हणाला. "लाल शाईत घालायचे ते. त्याचा तैलरंग फार सुंदर व्हायचा, पण ऊन लागलं की काही वर्षांत पांढराफटक. त्या काळात स्वस्तात मिळायचा, म्हणून चित्रकार वापरायचे."

"म्हणजे साडी लाल होती?"

"खाली पांढरा, वर हा. म्हणजे गुलाबी. किती गडद ते सांगता येणार नाही, अंदाजाची पट्टी बरीच रुंद आहे. मधला आकडा धर."

अंबिका मधल्या आकड्यावर थांबली.

"काय झालं?"

"बाई बघणार आहेत हे."

"मग?"

"मग काही नाही," ती म्हणाली, आणि पट्टीतला सगळ्यात फिका आकडा तिनं निवडला.

प्रयोगशाळेच्या संचालकांना तिनं कळवलं तेव्हा ते फोनवर हसले. "अहो, त्यांना पांढरी हवी तर पांढरी दाखवा. दिव्याला काय, सांगाल ते दाखवतो. शताब्दी आहे त्यांची, वाद कशाला?"

खरंच होतं. दिवा सांगितलेलं दाखवत होता. अंबिकाला तेच अवघड वाटू लागलं.

तिनं बाईंना एकट्यांनाच बोलावलं. पडदे लावले, दिवा सुरू केला. आधी चेहरा आला. पिठूळपणा गेला आणि उन्हात हिंडलेल्या, गव्हाळ, तरुण बाईचा चेहरा वर आला. आक्का तिशीच्या दिसत होत्या. बाई पुढे सरकल्या. "अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या. "डावीकडे गालावर तीळ आहे की." मग पाटी काळी झाली, खुर्चीचं लाकूड तांबूस झालं. बाई हसत होत्या.

शेवटी साडीवर प्रकाश आला. साडी गुलाबी झाली, कोवळ्या डाळिंबाच्या दाण्यासारखी.

बाईंचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला.

"हे काय?"

अंबिकानं सगळं सांगितलं. खाच, इओसिन, ऊन. बाई ऐकत होत्या की नाही कळेना.

"साडी पांढरी होती," त्या म्हणाल्या.

"तुम्ही शाळेत आलात तेव्हा पांढरी झालेलीच होती, बाई. त्या आधीची तीस वर्षं ती उन्हात होती."

"आक्का विधवा होत्या. त्या काळात, या वस्तीत, विधवेनं गुलाबी नेसून खुर्चीत बसायचं? कुणी पोरगी पाठवली असती त्यांच्याकडे?"

"मला माहीत नाही. यंत्र फक्त रंग सांगतं."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "यंत्र नाही, तू सांगतेयस. तुला सोयीचा रंग दाखवतेयस."

 हे बाई कधीतरी बोलणार हे अंबिकाला चार वर्षं माहीत होतं, पण ते या जागी, या चित्रासमोर येईल असं वाटलं नव्हतं.

"मी पुन्हा लग्न केलं म्हणून आक्कांना गुलाबी नेसवली, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी काहीच म्हणत नाही. बंद कर ते."

तिनं दिवा बंद केला. राखाडी उजेडात आक्का पुन्हा पांढऱ्या झाल्या. बाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. चिडलेल्या होत्या, पण शास्त्राच्या शिक्षिका होत्या.

"तुझ्या यंत्राशिवाय दुसरा काही पुरावा असेल का?"

अंबिकानं चित्राच्या कडेकडे पाहिलं. "फ्रेम कधी उघडलीय का, बाई?"

"माझ्या माहितीत नाही."

"फ्रेमच्या पट्टीखाली चित्राची बोटभर कड झाकलेली असते. तिथं ऊन कधीच पोचलेलं नाही. साडीचा पदर उजव्या कडेपर्यंत जातो. तो पट्टीखाली जसा असेल तसा खरा."

"पांढरा निघाला तर?"

"तर माझं गणित चुकलं. मी तसं लिहून देईन."

"फ्रेम माझ्यासमोर उघडायची," बाई म्हणाल्या. "आणि तू हात लावायचा नाहीस."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रेम उघडायचं काम हिरेमठ वकिलांवर आलं. हातात सुती मोजे, एका हातात पक्कड, कपाळावर घाम. चित्र पालथं करून गाद्यांवर ठेवलेलं. अंबिका समोरच्या भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभी होती आणि तिथूनच सूचना देत होती.

"आधी मागचा तपकिरी कागद कापा, काका. हळू. आता खिळा सरळ ओढा, तिरका नको."

"आयुष्यात कधी खिळा ठोकला नाही ओ मी," वकील कुरकुरले, "आणि आता काढायला लावताय. काही फाटलं तर?"

"नाही फाटणार. आता खालचा."

एकेक खिळा निघत होता. अंबिका ते मनात मोजत होती. पांढरी कड निघाली तर बाईंचं बरोबर ठरेल, म्हणजे आपल्या नकळत आपण यंत्राला आपल्याच मनासारखं वाचलं. तशी शक्यता होती. अंदाजाची पट्टी रुंद होती. खाच बारीक होती. माणसाला हवं ते दिसतं, हे तिला रोजच्या कामातून पुरेपूर ठाऊक होतं.

"निघाली," वकील म्हणाले. त्यांनी आणि शिपाई मामींनी मिळून चित्र फ्रेममधून उचललं, सुलटं केलं, आणि गादीवर ठेवलं.



उजव्या कडेला, पदराच्या टोकाला, बोटभर रुंदीची पट्टी होती. तिच्यावर ऊन पडलं नव्हतं, धूळ बसली नव्हती, शंभर वर्षांत कुणाची नजर पडली नव्हती. ती गुलाबी नव्हती. ती राणी रंगाची होती. लग्नाच्या हंगामात दुकानाच्या दारात लावलेल्या साडीसारखी, लांबून हाक मारणारी. अंबिकानं दाखवलेला डाळिंबी रंग तिच्यापुढे अगदीच पाणचट होता.

"आई शप्पथ," शिपाई मामी म्हणाल्या.

अंबिका पुढे आली आणि मध्येच थांबली. "मी घाबरले होते," ती बाईंना म्हणाली. "गणित याच्याजवळ येत होतं. मीच फिका आकडा घेतला."

 काठी भिंतीला टेकवून बाई गादीजवळ खाली बसल्या. वाकून, चष्मा वर करून, कितीतरी वेळ त्या पट्टीकडे बघत राहिल्या.

दुपारी उष्म्यासाठी शाळा सुटली. मुली गेल्या. अंबिका डबा घेऊन पाचवीच्या वर्गात बसली होती, तिथं बाई आल्या आणि पुढच्या बाकावर तिच्याकडे तोंड करून बसल्या.

"माझ्या लहानपणी जुन्या बाया म्हणायच्या, चित्र पूर्वी झगझगीत होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, नवं असताना सगळंच झगझगीत असतं."

अंबिकानं डबा पुढे केला. बाईंनी त्यातली शेंगाचटणी बोटावर घेतली.

"मला एक स्थळ आलं होतं. तेविसाव्या वर्षी. मुलगा चांगला होता, मला आवडलाही होता. मी नाही म्हणाले. आईनं कारण विचारलं. मी तिला शाळेत आणलं आणि हे चित्र दाखवलं. बोलले काहीच नाही, नुसतं बोट दाखवलं." त्या थांबल्या. "आता चित्रच म्हणतंय, मी तुला तसं काही सांगितलंच नव्हतं."

"बाई..."

"थांब. सकाळपासून मी वाट बघतेय की आता पस्तावा होईल. व्हायला पाहिजे ना? होत नाहीये. राग येतोय, पण नक्की कुणाचा तेही कळत नाहीये. उन्हाचा राग कसा करायचा?" त्या स्वतःशीच जरा हसल्या. "विचित्र आहे हे. या वयात स्वतःबद्दल काही नवीन कळेल असं वाटलं नव्हतं."

मग सरळ बसून त्यांनी विचारलं, "वकील म्हणतायत, दिव्याला सांगून साडी पांढरीच दाखवू. कड फ्रेमखाली झाकलेली राहील. तसं केलं तर काय होतं? शास्त्र सांग. मत नको."

अंबिकानं खडू उचलला, फळ्यावर प्रकाशाची पट्टी काढली आणि मधल्या हिरव्या भागावर बोट ठेवलं.

"साडीवर इओसिन अजून थोडं शिल्लक आहे. ते फक्त हिरवा गिळतं. साडी राणी रंगाची दाखवायची असेल तर दिवा काय करतो? साडीवर हिरवा टाकतच नाही. लाल आणि निळा तेवढा टाकतो. साडी रंगीत दिसते आणि गिळायला हिरवा नसल्यामुळे उरलेला रंग सुरक्षित राहतो. आता पांढरी दाखवायची तर हिरवा टाकायलाच हवा. कारण तिन्ही मिळाल्याशिवाय पांढरं होत नाही."

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. "आणि तो हिरवा..."

"उरलेलं इओसिन गिळेल, आणि झिजेल. रोज मुली येणार, रोज दिवा लागणार. आत्ता या वर्गात बसणाऱ्या मुली दहावीला जाईपर्यंत साडी खरोखरच पांढरी होईल. मग कुठल्याही यंत्राला तिथं काही सापडणार नाही."

"म्हणजे पांढरं दाखवणं नुसतं खोटं नाही."

"नाही. ते खऱ्याला खातं."

बाई उठल्या. दारात जाऊन वळल्या. "हे उद्या सभेत सांगायचं. असंच. फळ्यावर काढून."

सभेला संस्थेचे सात जण होते. अंबिकानं फळ्यावर पट्टी काढली, सांगितलं, आणि ती बाजूला झाली. हिरेमठ वकील उभे राहिले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या आजीला आक्कांनी घरातून ओढून शाळेत बसवलं होतं, आणि ते हे अभिमानानं सांगत.

"बघा की," ते म्हणाले, "रंग निघाला, मान्य. मीच खिळे काढलेत. पण आक्कांनी ती साडी खरंच नेसली होती कशावरून? चित्रकार फिरता माणूस. त्याच्या डबीत तो रंग होता, लावला त्यानं. आपली पांढरी फेरी, पांढरा पदर, याच्यावर गावानं विश्वास ठेवला. पोरी पाठवल्या. उद्या कुणीतरी म्हणेल, आक्का तशा होत्या. लोक कसे बोलतात माहितीये तुम्हाला."

दोघा-तिघांनी माना हलवल्या. बाई बसूनच बोलल्या.

"चित्रकारानं मनानं रंग लावला असेल. असू शकतं. पण चित्र झाल्यावर ते टांगलं कुणी? आक्कांनी. कुठं? त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर. वीस वर्षं त्या रोज त्याच्यासमोर बसत होत्या. नको असतं तर काढून माळ्यावर टाकलं असतं, की चुना फासला असता. त्या काय कुणाला घाबरणाऱ्या होत्या?"

"पण त्या स्वतः पांढरं नेसायच्या, असं माझी आजी सांगायची," वकील म्हणाले.

"नेसत असतील रोज. आणि समोर भिंतीवर राणी रंगाची साडी नेसलेल्या स्वतःकडे बघत असतील. का, ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही." बाईंचा आवाज जरा खाली आला. "मला ते विचारायला फार आवडलं असतं. निदान पुढच्या पोरींना हा प्रश्न पडायला हवा. आपण रंग संपवला तर प्रश्नच संपेल."

 वकिलांनी चष्मा पुसला. "ते मात्र वाईट होईल," ते शेवटी म्हणाले. "पुरावा नष्ट करणं. वकिलाला शोभत नाही ते."

एका सदस्यानं विचारलं, "मग फेरी? मुलींनी काय नेसायचं?"

"जिला जे नेसायचं ते. पांढरं नेसायचं त्यांनी पांढरं नेसावं."

"आणि तुम्ही, बाई?"

"मी?" बाईंना प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. "मी पांढरंच. आक्कांचं बघून घेतलं असेल, पण साठ वर्षं नेसलंय ते मी. धुतलंय मी, इस्त्री मी केलीय. ते आता माझं आहे, परत कुणाला द्यायचं?"

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अंबिकानं दिव्यात नवा आकडा भरला. कडेच्या पट्टीशी ताडून, या वेळी काहीही हातचं न राखता. पुण्याहून हेरंब शेवटची तपासणी करायला आला होता. बाई सभागृहात शिरल्या तेव्हा तो शिडीवर होता. घाईघाईनं खाली उतरून त्यानं नमस्कार केला.

"तुमचं गणित बरोबर होतं म्हणे," बाई म्हणाल्या.

"माझं बरोबर होतं. हिनं मार्क कमी दिले."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "संध्याकाळी घरी या जेवायला. दोघंही. मला नीट दिसत नाही आता, भाकरी तुम्हालाच थापायला लागतील." मग हेरंबला त्यांनी हातानंच बाहेर जायची खूण केली. तो हसून बाहेर गेला.

दिवा लागलेला होता. भिंतीवर राणी रंगाच्या साडीत आक्का ताठ बसल्या होत्या, मांडीवर काळी पाटी, गालावर तीळ. जणू आत्ताच कुणीतरी त्यांना काहीतरी विचारलं होतं आणि त्या उत्तर द्यायच्या बेतात होत्या.

"अंबिका."

"काय बाई?"

"मला एकदा त्यांना पांढऱ्यात बघायचंय. माझ्या सवयीच्या आक्का. एकदाच."

 अंबिकानं दिव्याला आज्ञा दिली. साडीवर हिरवा प्रकाश उतरला. राणी रंग ओसरला, डाळिंबी झाला, मग नुसती छटा राहिली, मग तीही गेली. पांढऱ्या साडीतल्या आक्का समोर बसल्या होत्या.

बाईंनी दोन्ही हात काठीवर ठेवले. त्यांचे ओठ हलत होते. पहिल्या दिवशी शाळेत आलेली मुलगी त्यांना दिसत होती, की आईला बोट दाखवणारी तरुणी, हे अंबिकाला कळलं नाही. त्यांचे डोळे भरून आले. बघत राहतील तितका वेळ त्यांना बघू द्यायचं, असं अंबिकानं मनाशी ठरवलं.

पण बाईंनी एकदम काठी आपटली.

"पुरे. बंद कर, बंद कर तो हिरवा," त्या घाईनं म्हणाल्या. "त्यांचा रंग जातोय."